येळवशीचा धूर

१

येळवशीच्या दिवशी तेरमध्ये चोरी करायची म्हटली तर कुणाच्याही घरात शिरता येतं. वेळ अमावस्येला गावात माणूस राहतच नाही. दाराला कडी घालून म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सगळे रानात जातात, कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची पूजा करतात, आंबील पितात आणि शेंगाभाज्यांची भज्जी खाऊन ज्वारीच्या सावलीत आडवे होतात. तरीही येळवशीला गावात कधी चोरी झाल्याचं कुणाला आठवत नाही, कारण चोरसुद्धा कुणाच्या तरी रानात जेवायला बसलेला असतो. अमीन, म्हणजे ठाण्याचे फौजदार, दादामियाँ हे गमतीनं नेहमी सांगायचे. यंदा मात्र येळवशीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना ढोकीच्या ठाण्यातून तेरला यावं लागलं आणि ही गंमत त्यांच्या अंगाशी आली.

गवळतळ्यातले सगळे शिंपले मेले होते.

आता शिंपले मेले तर अमीनाला कशाला बोलवायचं, असं कुणी म्हणेल. पण हे शिंपले सरकारी होते. लढाईमुळं जपानी बटणं यायची बंद झाली, पलटणीच्या सदऱ्यांना बटणं मिळेनात, आणि शिंपल्याच्या कवचाची झकास बटणं होतात हे हैदराबादच्या कुण्या कारखानदाराच्या ध्यानात आलं. मग सरकारनं गवळतळं ताब्यात घेतलं, तेरणा नदीच्या डोहातले मोठे शिंपले आणून टोपल्यांत घातले, आणि टोपल्या काठच्या खुंट्यांना दोरानं बांधून पाण्यात सोडल्या. इथं शिंपल्यांची वीण वाढली तर तालुक्या-तालुक्यात असं तळं करायचं, अशी तजवीज होती. देखरेखीला फकरुद्दीन नावाचा तरुण दरोगा हैदराबादहून आला. राबायला गावातले भोई. आणि ही सगळी शेती पुढं चालवायची का बंद करायची, हे ठरवायला वरचे मोठे अधिकारी गफारसाहेब उद्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला येणार होते. मरायला शिंपल्यांनी दिवस तरी कसा निवडला बघा.

दादामियाँ घोड्यावरून उतरले तेव्हा काठावर दोन टोळकी तोंडं फिरवून उभी होती. एका बाजूला बलभीम भोई, त्याची बायको कडूबाई आणि त्यांचं भोईवाड्यातलं गणगोत. दुसऱ्या बाजूला आण्णासाहेब. त्यांचा ऊस तळ्याला लागून, त्यांचं गुऱ्हाळही तळ्याच्या बांधावरच. मधोमध दरोगा फकरुद्दीन उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते आणि कोटाची उजवी बाही मनगटाशी करपली होती.

"जहर घातलंय, अमीनसाहेब," फकरुद्दीन म्हणाला. "आण्णासाहेबांना तळ्याचं पाणी उसाला पाहिजे. शिंपले गेले की तळं मोकळं."

आण्णासाहेब शांतपणे सुपारी कातरत होते. ते म्हणाले की जहर-बिहर काही नाही, मोत्यांच्या हावेपायी या भोयांनीच शिंपले मारले. गफारसाहेब आले की ते सगळ्यांसमोर हेच सांगणार होते. सरकारनं तळं आपल्याला परत द्यावं आणि भोईवाडा काठावरून उठवावा, अशी त्यांची मागणी तयारच होती.

बलभीमचा चेहरा उतरला. काठावरची झोपडी, जाळं आणि हे तळं सोडलं तर त्याच्याजवळ काही नव्हतं. "सायेब," तो हळूच म्हणाला, "उद्या दुपारपातूर काय ते ठरवा. न्हायतर आमाला बिऱ्हाड उचलावं लागतंय."

दादामियाँनी फकरुद्दीनला डोळ्यांचं विचारलं. तो म्हणाला, काल आण्णासाहेबांनी येळवशीला बोलावलं होतं, तिथं जेवलो. रानात तीन दगडांची चूल मांडून बाया भज्जी शिजवत होत्या, तिथंच बसलो, धूर डोळ्यांत गेला, एक ठिणगी बाहीवर उडाली. दादामियाँनी मान हलवली आणि ते पाण्याकडं वळले.

२

जहराची गोष्ट दादामियाँना पहिल्या नजरेतच पटली नाही. काठच्या दगडाखालून एक खेकडा तुरुतुरु बाहेर आला आणि अमीनाला बघून परत आत गेला. दगडांना गोगलगाई चिकटलेल्या होत्या, त्याही जिवंत. जहर घातलं तर ते शिंपल्यांना ओळखून मारत नाही, जो पाण्यात आहे त्या सगळ्यांना मारतं. मासे काय म्हणतात म्हणून त्यांनी विचारलं, तर कडूबाई म्हणाली, "मासा आता औषदालाबी न्हाय, सायेब. शिंपल्याची पिल्लं खातेत म्हून दरोगासायबानं समदं काढाय लावलं. आमी काढलं अन् खाल्लं."

त्यांनी एक टोपली वर ओढून घेतली. शिंपले आ वासून पडलेले. दादामियाँनी एक उचलून नाकाशी नेला. मेलेल्या शिंपल्याचा वास काय असतो हे तेरणेकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. एक मेला तरी अर्धी आळी नाक धरते. इथं टोपल्याच्या टोपल्या मेल्या होत्या आणि वास नुसता नावाला. त्यांनी अंगठ्यानं आतलं मांस दाबलं. ते बुळबुळीत व्हायला हवं होतं, पण लागलं उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट. शिवाय ते होतं तसंच्या तसं. सुरीचा घाव नाही, बोट घालून चाचपल्याची खूण नाही.

मग त्यांचं लक्ष खुंट्यांकडं गेलं. टोपलीचा दोर पाण्यात गेलेला, पण वरची गाठ खुंटीवर कोरडीच राहायची. त्या गाठीला मुंगळे लागले होते. एका खुंटीला नाही, जवळजवळ सगळ्यांनाच. दादामियाँनी गाठीवर बोट फिरवलं. बोट चिकट झालं. सगळे बघत असताना अमीनसाहेबांनी ते बोट जिभेला लावलं, तेव्हा बलभीमला वाटलं, साहेबांना ऊन लागलं.

दोर गोड होता.

"आण्णासाहेब," दादामियाँ म्हणाले, "हे शिंपले मेले न्हाईत. कुणीतरी उकडलेत. अन् दोरासकट टोपल्या बुडवून तुमच्याच गुळाच्या काहिलीत उकडलेत."

३

आण्णासाहेबांच्या हातातला अडकित्ता थांबला.

गुऱ्हाळ हाकेच्या अंतरावर. तिथं गुळव्या ईरण्णा डोक्याला हात लावून बसला होता. ईरण्णा आळंदच्या बाजूचा. त्याच्या हातचा गूळ सोलापूरच्या बाजारात नावानं खपायचा. आज सकाळी मात्र त्याची पहिलीच काहील बिघडली होती. गूळ जमला नाही, चिघळून राहिला आणि वर घाणेरडा वास. आण्णासाहेबांनी त्याला चारचौघांत फैलावर घेतलं होतं, आणि ईरण्णानं सगळा दोष अमावस्येवर ढकलला होता.

दादामियाँनी त्याला काहिलीचं विचारलं. ईरण्णानं सांगितलं की येळवशीला बैल जुंपत नाहीत, गुऱ्हाळ बंद असतं. आदल्या दिवशी शेवटचा गूळ काढला की तो काहिलीत पाणी ओतून ठेवतो, म्हणजे बुडाची खरपुडी सुटते आणि काहील तडकत नाही. म्हणजे काल दिवसभर काहील गोड पाण्यानं भरलेली, खालच्या चुलवाणाशेजारी जाळायला चिपाडाचा ढीग, आणि आसपास चिटपाखरू नाही. चुलवाणाची राख आज सकाळी गरम लागली का, असं विचारल्यावर ईरण्णानं आधी आण्णासाहेबांकडं बघितलं.

"व्हय, सायबा," तो म्हणाला. "लागली. पन अमुशेला कोन पेटवतंय म्हनून म्या कुनाला बोललो न्हाई. माझ्यावरच आलं असतं."

इथंवर आल्यावर गावानं आपापला निकाल लावून टाकला. काहील आण्णासाहेबांची, तेव्हा काम आण्णासाहेबांचं, असं भोईवाडा म्हणाला. फकरुद्दीननंही तीच री ओढली. आण्णासाहेब उसळले. काहील उघड्यावर आहे, भोई चार पावलांवर राहतात, मोती काढायला त्यांनीच चूल पेटवली, असं त्यांचं म्हणणं.

दादामियाँ चिपाडाच्या ढिगावर बसले आणि त्यांनी पान लावायला घेतलं. पान लावताना त्यांना कुणी बोललेलं चालत नसे. त्यांना भोयाचंही पटत नव्हतं आणि आण्णासाहेबांचंही. भर हंगामात आपल्याच काहिलीत असली घाण कोण शिजवील? गुळवाल्याला काहील म्हणजे लक्ष्मी. आण्णासाहेब काहिलीला हात लावायच्या आधी चप्पल काढणारे. त्यांना शिंपले मारायचेच असते तर गड्यांकडून टोपल्या वर काढून उन्हात टाकल्या असत्या, फुकट काम. आणि बलभीमनं मोत्यासाठी शिंपला उकडला असता का? मोती उकळीत घातला की त्याचं पाणी मरतं, भोयाचं शेंबडं पोर हे सांगेल. शिवाय मोती शोधायचा तर मांस पिंजावं लागतं. इथं मांसाला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. ज्यानं उकडलं त्याला शिंपल्यातलं काहीच नको होतं. त्याला फक्त शिंपले मेलेले हवे होते.

पण शिंपले मेल्यानं ज्याचं भलं होईल असा तिसरा माणूस कोण? पान तोंडात गेलं, विरघळलं, तरी उत्तर येईना.

४

दुपारी कडूबाईनं त्यांच्यापुढं कालची उरलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे ठेवले. शिळी भज्जी जास्त चवदार असते हे दादामियाँचं ठाम मत होतं. जन्म इकडच्याच सोनारी गावचा, लहानपणापासून प्रत्येक येळवशीला कुणा ना कुणाच्या कोपीत त्यांचं पान असायचंच. जेवताना त्यांनी सहज विचारलं, ही भज्जी कुणाच्या घरची. कडूबाई म्हणाली, आण्णासाहेबांच्या. आदल्या रात्री तीच तिथं शेंगा सोलायला गेली होती. आळीतल्या बाया रात्रभर चुलीपुढं होत्या, आणि दिवस उगवायला डोक्यावर पाट्या घेऊन रानात निघाल्या.

दादामियाँचा घास हातात राहिला.

"रानात चूल न्हाई मांडली?"

कडूबाई हसली. "सायेब, तुमी काय हैद्राबादचं हाय का? येळवशीला रानात कोन चूल पेटवतंय? समदं घरून शिजवून न्यायचं असतंय."

हे दादामियाँना ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मभर बघितलेलं होतं, म्हणूनच सकाळी कानावरून गेलं. हात धुऊन ते परत टोपल्यांकडं गेले आणि शिंपले एकेक करून बघू लागले. सगळे तळहाताएवढे. लहान कुठं आहेत म्हणून त्यांनी बलभीमला विचारलं. बलभीमनं मान खाली घातली. गाळात उतरून किती वेळा चाळलं, पण पिल्लू एक गावलं नाही, असं तो म्हणाला. दरोगासाहेबाला सांगितलं तर ते म्हणाले, गप्प राहा, होतील.

आता दादामियाँनी आण्णासाहेबांना एकच गोष्ट विचारली: काल दरोगा तुमच्या कोपीत जेवला का? आण्णासाहेब म्हणाले, आवतण दिलं होतं, आला असेल. येळवशीला अर्धं गाव येऊन जेवून जातं, पानं कोण बघत बसतंय.

संध्याकाळी दादामियाँ दोन्ही टोळक्यांना म्हणाले की उद्या गफारसाहेबांसमोरच काय ते बोलू, आणि फकरुद्दीनला म्हणाले, "दरोगासाहेब, तुमी आज माझ्यासंगं चावडीत मुक्कामाला या." फकरुद्दीननं का म्हणून विचारलं नाही, आणि तेच दादामियाँना खटकलं.

५

गफारसाहेब सकाळी मोटारीतून उतरले. हाडकुळे, चष्मेवाले गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी बूट-मोजे काढले आणि पाटलोण वर करून पाण्यात उतरले, तेव्हा गावाला ते एकदम आवडले. दादामियाँनी काठावर बसून सगळा हिशेब त्यांच्यापुढं मांडला: जिवंत खेकडे, घट्ट मांस, दोरावरचे मुंगळे, बिघडलेला गूळ. मग ते फकरुद्दीनकडं वळले.

"दरोगासाहेब, आमच्या येळवशीला रानात चूल नसती. भज्जी घरून शिजून येती. तुमी त्या कोपीत गेलाच न्हाई, म्हणून तुमाला वाटलं, रानातलं जेवण म्हणजे रानातच शिजत असंल. धूर तुमच्या डोळ्यांत गेला तो चुलवाणाचा. चिपाड पेटवायची सवय न्हाई, म्हणून बाही करपली."

फकरुद्दीननं करपलेली बाही मुठीत झाकली.

"अन् खरं सांगू का? संध्याकाळी पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरत्यात. हेंडग्यानं बाही जळाली म्हणाला असता, तर म्या गप बसलो असतो."

आण्णासाहेब चकित झाले. दरोग्यानं स्वतःचेच शिंपले का मारावेत हे त्यांना कळेना. दादामियाँनी सांगितलं. हैदराबादला दरोगा कळवत राहिला होता की वीण जोरात आहे. आज मुआयना, आणि तळ्यात पिल्लू एक नाही. शेती फसली असं दिसलं तर नोकरी गेली, तळंही गेलं. पण शेती कुणी दुष्मनानं मारली असं दिसलं, तर सरकार हळहळेल आणि परत एक साल देईल. मेलेल्या आईला पोरं किती होती, हे कोण विचारतंय? जहर घालणं जमलं नाही, कारण त्या तळ्यावर गावची गुरं पितात. तेवढी दया त्याच्यात होती, हेही दादामियाँनी सांगून टाकलं.

"फकरुद्दीन, हे खरं आहे?" गफारसाहेबांनी विचारलं.

"जी," तो म्हणाला. मग इतका वेळ आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं. दोन साल तो रोज गाळ चाळत होता. कुठं चुकतंय ते कळत नव्हतं. विचारावं कुणाला? विचारलं तर आधीचं खोटं उघडं पडणार. बलभीमवर बालंट येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आण्णासाहेब मोठे आहेत, ते निभावून नेतील, असा त्याचा अंदाज होता. बोलता बोलता तो रडायला लागला.

गफारसाहेब पाण्यात उभे राहून त्याच्याकडं बघत होते. त्यांनी फक्त एक विचारलं. "या तळ्यात मासे का नाहीत?"

"काढले, हुजूर. पिल्लं खातात म्हणून."

गफारसाहेबांनी डोळे मिटून घेतले. "अरे बाबा," ते म्हणाले, "शिंपल्याचं पिल्लू जन्मलं की आधी माशाच्या कल्ल्याला जाऊन चिकटतं. काही दिवस तिथंच पोसतं, मग सुटून गाळात पडतं. मासा नाही तर पिल्लू नाही. शिंपल्यांचं काहीच चुकलं नव्हतं. एक कार्ड टाकलं असतंस तर मी दोन ओळींत कळवलं असतं."

दादामियाँना त्या पोराची मनापासून कीव आली. चोर पकडल्याचा आनंद त्यांना नेहमी होत असे, आज झाला नाही.

निकाल तिथंच लागला. शेती फसलेली नव्हती, तिला दोन साल उपाशी ठेवलं होतं, असं गफारसाहेब म्हणाले आणि त्यांनी तळं आणखी एका सालासाठी भोयांकडंच ठेवलं. आण्णासाहेबांनी बिघडलेल्या काहिलीची भरपाई मागून बघितली, मग स्वतःच हसले. ईरण्णाची पाठ थोपटायला मात्र ते विसरले नाहीत. फकरुद्दीनची नोकरी गेली. दादामियाँनी त्याला कोठडीऐवजी स्टेशनावर न्यावं, एवढी मेहेरबानी गफारसाहेबांनी केली.

दोघं निघाले तेव्हा बलभीम आणि त्याचे भाऊबंद तेरणेच्या डोहातून घागरी भरून परतत होते. घागरीत मासे होते आणि मागच्या टोपल्यांत डोहातले नवे शिंपले. बलभीम गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं घागर आडवी केली. "बापजाद्यानं मासा भाईर काढला," तो म्हणाला, "आन् म्या आत सोडायलोय." भोईवाडा खदखदून हसला. फकरुद्दीन रस्त्यावर थांबला. दादामियाँनी त्याला घाई केली नाही.

पुढच्या येळवशीला दादामियाँ तेरला आले ते बोलावणं नसताना. आण्णासाहेबांच्या कोपीत त्यांनी पोटभर भज्जी खाल्ली, पानाची डबी उघडली, तेवढ्यात कडूबाई आली. तिनं पदराची गाठ सोडली आणि त्यांच्या तळहातावर एक शिंपला ठेवला. करंगळीच्या नखाएवढा. कवच इतकं पातळ की आतून ऊन दिसत होतं. गाळात असले लई गावतेत आता, असं ती म्हणाली.

दादामियाँनी तो उन्हाकडं धरून बघितला. मग ते शिंपला परत द्यायला लागले, तर तिनं हात मागं घेतला.

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, सायेब. त्यो दरोगा कुठं असंल तर त्येला दावा. त्येनं बी दोन साल लई शोधला व्हता."

फकरुद्दीन आता लातूरच्या आडतीत मुनीम होता, हे दादामियाँना ठाऊक होतं. ढोकीला परतायची त्यांना घाई होती. पण त्यांनी शिंपला रुमालात बांधला आणि दुसऱ्या दिवशी लातूरची गाडी धरली.